टायरचे दात

सोन्याचा भाव वर्तमानपत्रात छापून येतो आणि सराफाच्या गादीवर बसलेला गृहस्थ तो निमूटपणे मान्य करतो. इस्पितळाचे बिल हाती आल्यावर त्यातील एखादी रक्कम कमी करून मागण्याचे धैर्य कोणास होत नाही. वकिलाची फी तर अशील दोन्ही हातांनी देतो, आणि तीही निकाल विरुद्ध गेल्यावर. परंतु मोटारीला चार नवे टायर घ्यावयाचे आहेत एवढा विषय घरात निघू द्या, की ज्याने उभ्या जन्मात मेथीच्या जुडीवरून कोणाशी हुज्जत घातली नाही असा सत्शील मनुष्यही एकाएकी कमरेला उपरणे बांधून उभा राहतो, आणि सांगितलेल्या किमतीने टायर घेणे म्हणजे घराण्याच्या सनदेला काळिमा लावणे होय अशा आवेशाने गावातील दुकानांवर चालून जातो.

ह्याचे कारण असे की टायर ही वस्तू मनापासून कोणालाच नको असते. गाडी घेताना लोक तिचा रंग निवडतात, आसनांची कव्हरे निवडतात, पुढच्या काचेजवळ बसवावयाचा गणपती तर चार दुकाने हिंडून निवडतात. टायर मात्र कंपनीने लावले असतील ते. दसऱ्याला झेंडूचा हार चढतो तो बॉनेटवर, कुंकवाचे स्वस्तिक उमटते तेही तेथेच, आणि टायरच्या वाट्याला येते ते चिरडण्यासाठी पुढ्यात ठेवलेले लिंबू. वर्षानुवर्षे बिनतक्रार झिजून जेव्हा तो गोटा होतो, म्हणजे त्याच्या नक्षीची खोली कायद्याने घालून दिलेल्या 1.6 मिलिमीटरच्याही खाली जाते, तेव्हा मालकाच्या मनात कृतज्ञता उत्पन्न होत नाही, संताप होतो. वीस-बावीस हजार रुपये खर्चावे आणि आल्या-गेल्या पाहुण्यास ते कौतुकाने दाखवता येऊ नयेत, असा खर्च आमच्या फार जिवावर येतो. आणि जी वस्तू दाखवता येत नाही तिचा निदान भाव तरी चारचौघांत सांगता आला पाहिजे, एवढ्यासाठीच ही सारी यातायात असते, असे माझे पुष्कळ निरीक्षणांती झालेले मत आहे.

सातारा आणि सांगली ह्या दोन जिल्ह्यांत ह्या गरजेला परंपरेचेही भक्कम पाठबळ आहे. पुसेगावला मार्गशीर्षात सेवागिरी महाराजांच्या यात्रेत, किंवा आटपाडीकडे खरसुंडीच्या यात्रेत, खिलार जनावरांचा बाजार भरतो. तेथे खोंडाची किंमत ठरवण्याचा विधी ज्याने डोळ्यांनी पाहिला आहे त्याला टायरच्या दुकानात काय चालले आहे हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. जबडा उघडून दात पाहावयाचे, म्हणजे आदत, दुसा, चौसा की जुळलेला हे कळून वयाची रुजुवात होते. अंगावरचे भोवरे पाहावयाचे. पाय उचलून खूर दाबावयाचे. चार पावले चालवून घ्यावयाचे. हे सर्व करीत असता जनावर आपल्याला मुळीच पसंत नाही, आपण येथून सहज चाललो होतो, असा भाव चेहऱ्यावर अखंड ठेवावयाचा. आणि अखेरीस उपरण्याखाली हात घालून हेड्याच्या बोटांवर असा एक आकडा दाबावयाचा की जो शेजारी उभ्या असलेल्या सख्ख्या भावासही दिसता कामा नये.

टायरला जबडा नसला तरी दात आहेत. त्याच्या कडेवर चार आकडे उठवलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 3125 असे असेल तर सन 2025 च्या एकतिसाव्या आठवड्यात, म्हणजे जुलैच्या अखेरीस, त्याचा जन्म झाला असे समजावे. हे आकडे पुष्कळदा टायरच्या एकाच अंगास असतात, आणि मुरलेला दुकानदार माल दाखवताना नेमके दुसरे अंग गिऱ्हाइकाकडे करतो. ह्यात योगायोग किती आणि हेतू किती, ह्याचा निवाडा करणे अवघड आहे. रबर गोदामात नुसते पडून राहिले तरी म्हातारे होते, कडक होते, बारीक भेगा धरते. सबब तीन-चार वर्षे कोपऱ्यात मुक्काम ठोकून बसलेल्या टायरवर "केवळ तुमच्यासाठी म्हणून" जी घसघशीत सूट मिळते, ती जुळलेल्या बैलावरची सूट होय हे ओळखावे.

बैलाचे आणि टायरचे हे नाते मी ओढूनताणून जुळवलेले नाही. हवेचा टायर प्रचारात आणणारा जॉन बॉइड डनलॉप हा व्यवसायाने जनावरांचा डॉक्टर होता. बेलफास्ट येथे आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीचे हादरे कमी व्हावेत म्हणून त्याने तिच्या चाकांना हवा भरलेल्या रबरी नळ्या बसवल्या, 1888 मध्ये त्याची सनद मिळवली, आणि नियतीने पुढे त्याचे नाव आमच्या मुलखात आणून पुन्हा बैलांच्याच मागे जुंपले. लाकडी चाक आणि त्यावरची लोखंडी धाव जाऊन रबरी टायर आले, त्या बैलगाडीला लोक डनलॉप गाडी म्हणू लागले, मग टायर कोणत्याही कंपनीचे असोत. आणि गळिताच्या हंगामात साखर कारखान्याच्या वाटेवर उसाच्या मोळ्यांखाली गाडी दिसेनाशी होते, बैल जेमतेम अर्धे दिसतात, पण डनलॉपसाहेब मात्र खाली चिखलात आपले काम करीत असलेले स्पष्ट दिसतात.

घासाघीस हा सुबत्तेचा अलंकार आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे. 1942 च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले, मलायाचे रबर जपानच्या हाती गेले, आणि आपल्याकडे टायरवर सरकारी नियंत्रण येऊन परवान्यावाचून तो मिळेना. त्या काळी ज्याला परवाना मिळे तो भावाविषयी चकार शब्द काढीत नसे, असे वडीलधारी मंडळी सांगत. उलट माल मुबलक आणि कंपन्या अनेक असल्या म्हणजे गिऱ्हाइकाच्या अंगी बळ येते. ते बळ कितपत खरे असते, ही गोष्ट निराळी. खाली दुकानात आपण पन्नास रुपयांसाठी तासभर झुंजत असताना वरच्या मजल्यावर काय चालते ह्याची चुणूक 2022 च्या फेब्रुवारीत मिळाली. ट्रक आणि बसच्या टायरांचे भाव संगनमताने ठरवल्याबद्दल पाच टायर कंपन्यांवर मिळून 1,788 कोटी रुपयांचा दंड भारतीय स्पर्धा आयोगाने बसवल्याचे त्या महिन्यात जाहीर झाले. पुढे त्याच वर्षी अपील न्यायाधिकरणाने ते प्रकरण फेरविचारासाठी आयोगाकडे परत धाडले, म्हणजे आमच्या भाषेत पुढची तारीख पडली.

त्यानंतर 2025 साली सरकारनेच दर उतरवला. टायरवरील जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आणल्याचे सप्टेंबरच्या आरंभी ठरले आणि अंमलासाठी 22 सप्टेंबर, म्हणजे नेमका घटस्थापनेचा दिवस मुक्रर झाला. मधल्या तीनेक आठवड्यांत टायरच्या दुकानांवर कावळा फिरकला नाही. कासच्या पठारावरील फुले पाहावयास निघालेल्या कित्येक मोटारी भर पावसात गोट्या टायरांवर यवतेश्वरचा घाट चढल्या, कारण जीव काय, पुढच्या वर्षीही धोक्यात घालता येतो, पण कर काही दर साल उतरत नाही. घटस्थापनेच्या सकाळी दुकाने उघडताच गिऱ्हाइकांनी शंभराला दहा रुपये कमी मागितले. दुकानदारांनी कागद-पेन्सिल घेऊन दाखवून दिले की पूर्वी जे 128 रुपयांना पडत होते ते आता 118 ला पडते, म्हणजे शंभरामागे उणे होतात ते 7 रुपये 80 पैसे. हा हिशेब संपूर्णपणे निर्दोष होता, आणि म्हणूनच तो कोणीही मान्य केला नाही. त्यातच ट्रॅक्टरच्या टायरवरील कर 18 वरून एकदम 5 वर आल्याने, ज्यांच्या चुलतभावाकडे ट्रॅक्टर आहे अशी मंडळी आपल्यावर घोर अन्याय झाल्याच्या मुद्रेने दुकानात येऊ लागली.

आता आमच्या आळीतील शिरस्तेदारांविषयी सांगितले पाहिजे. जिल्हा न्यायालयातील नोकरीतून ते सन्मानाने निवृत्त झाले आहेत; न्यायालयाने त्यांना सोडले असले तरी त्यांनी न्यायालयाला सोडलेले नाही. त्यांच्या मोटारीचे टायर झिजले तेव्हा त्यांनी प्रथम त्यांचा पंचनामा केला, मग एक स्वतंत्र दफ्तर उघडले, आणि पोवई नाक्यापासून वाढे फाट्यापर्यंत जेवढी दुकाने आहेत तेवढ्यांकडून दरपत्रके मागवली. मापाचा तपशील त्यांनी स्वहस्ते लिहून नेला होता: 185/65 आर 15, 88 एच. ह्या एका ओळीत रुंदी मिलिमीटरात, उंची टक्क्यांत आणि रिमचा व्यास इंचात सांगितलेला असतो. मोजणीच्या तीन पद्धती एकाच उताऱ्यावर अशा गुण्यागोविंदाने नांदताना तलाठ्याच्या दफ्तरातही आपण पाहिल्या नाहीत, असे ते म्हणाले. त्यातील 88 हा आकडा प्रत्येक टायर 560 किलो भार पेलील अशी कबुलायत देतो, आणि अखेरचा एच ताशी 210 किलोमीटर वेगापर्यंत जामीन राहतो. गणपतीच्या दिवसांत राजवाड्याकडे गाडी नेणाऱ्यास ह्या जामिनकीचा कधी काळी उपयोग होईल अशी चिन्हे नाहीत. "मग एवढा जामीन कमी करून भाव उतरवा," असे शिरस्तेदारांनी एका दुकानात सुचवूनही पाहिले.

दरपत्रके जमली तेव्हा असे दिसून आले की कोणतीही दोन पत्रके एकमेकांशी ताडून पाहता येऊ नयेत अशी खबरदारी दुकानदारांनी घेतली होती. एकाच्या भावात अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग फुकट होते, परंतु व्हॉल्व्हचे पैसे वेगळे. दुसऱ्याकडे व्हॉल्व्ह फुकट, पण बॅलन्सिंगसाठी रिमला चिकटवावयाची वजने ग्रॅमवर आकारलेली. तिसऱ्याने सर्व काही फुकट देऊन टायरच शंभर रुपयांनी चढवला होता. चौथ्याने नायट्रोजन भरून देण्याचे आमिष दाखवले तेव्हा शिरस्तेदारांनी हरकत घेतली की आपल्या नेहमीच्या हवेत 78 टक्के नायट्रोजन असतोच. सबब आकारणी करावयाची तर उरलेल्या 22 टक्क्यांचीच करावी. जुन्या टायरांच्या परताव्यावरून तर प्रत्येक ठिकाणी वाद माजला. दुकानदार एका जुन्या टायरचे शंभर रुपये देऊ करी, आणि शिरस्तेदार त्याचे इतर उपयोग ऐकवीत: गोठ्याच्या पत्र्यावर वाऱ्यासाठी ठेवता येतो, पोरांच्या झोपाळ्याला चालतो, आणि ऊसदराचे आंदोलन पेटले की भर रस्त्यात त्याला जी मागणी येते ती नव्या टायरलाही येत नाही. साताऱ्यात शेवटचा भाव 5,450 वर येऊन अडकला, तो तेथून हलेना.

तेव्हा त्यांना आपली सासुरवाडी आठवली. भाव नेहमी परगावचाच चांगला असतो, हा आमच्या भागातील एक सर्वमान्य सिद्धांत आहे. सातारकर सांगलीकडे बोट दाखवतो, सांगलीकर कोल्हापूरकडे, कोल्हापूरकर बेळगावकडे, आणि बेळगावच्या मंडळींनी ह्या कामासाठी साताऱ्यास येऊ नये असे काही कारण मला दिसत नाही. सातारा हा महाबळेश्वरच्या वाटेवर असल्याने तेथील दुकानदार पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाने बिघडवलेले आहेत, उलट सांगली ही हळदीची आणि बेदाण्याची जुनी व्यापारपेठ, तेथे सचोटीने सौदा होतो, अशी मीमांसा शिरस्तेदारांनी केली आणि मला पंच म्हणून बरोबर घेतले. सासुरवाडीस रिकाम्या हाताने जाता येत नाही म्हणून किलोभर कंदी पेढे घेतले. तासवडेच्या नाक्यावर टोल दिला. पेठ नाक्यावर डावीकडे वळून आष्ट्यावरून पुढे निघालो. खड्ड्यांसाठी ज्या रस्त्यावर आंदोलने झाली तो हाच. जुन्या टायरांच्या अखेरच्या प्रवासासाठी ह्याहून समर्पक मार्ग सापडला नसता. जाता-येता मिळून अडीचशे किलोमीटरच्या आसपास होणाऱ्या ह्या मोहिमेच्या पेट्रोलचा विषय मी एकदा काढला, पण तो खर्च नात्याच्या खाती टाकावयाचा असून टायरच्या नव्हे, असा निकाल तत्काळ मिळाला.

विश्रामबागेत मेहुण्यांकडे पोळ्यांचे जेवण झाले आणि मेहुणे स्वतः आम्हाला ओळखीच्या दुकानात घेऊन गेले. "आमचे दाजी आहेत, साताऱ्याचे. भाव नीट लावा," ह्या त्यांच्या पहिल्याच वाक्याने सारा डाव उधळला, कारण समोरचा गृहस्थ जावई आहे आणि सासुरवाडीच्या माणसांसमोर जावयाला पन्नास रुपयांसाठी तोंड टाकता येत नाही, हे त्या दुकानदाराने क्षणात ताडले.

"तुमचे दाजी ते आमचे दाजी," असे म्हणून त्याने चहा मागवला आणि 5,300 सांगितले.

शिरस्तेदारांनी टायर फिरवून दात मोजले. दात चांगले निघाले. मग त्यांनी ठेवणीतील अस्त्र बाहेर काढले. 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या घरात गेले होते, तेव्हा हे गोदाम कोठे होते, अशी त्यांनी सौम्यपणे पृच्छा केली. समोरच्या टायरचा जन्म पुरानंतर कितीतरी वर्षांनी झालेला आहे हे त्यांनी स्वतःच आकड्यांवरून वाचले होते; परंतु उलटतपासणीत प्रश्न विचारावयाचा तो उत्तरासाठी नसतो.

"पाणी शिरलं होतं की साहेब," दुकानदार म्हणाला. "पण ते तुमच्याकडनंच आलं होतं. त्याचं बिल आम्ही साताऱ्याला कवा लावलंय का?"

कृष्णा वरच्या अंगाला कोणत्या जिल्ह्यात उगम पावते ह्याविषयी वाद करण्यास जागा नव्हती. मेहुणे मनापासून हसले, जावयांनाही हसावे लागले, आणि 5,300 वर सौदा तुटला. चार टायरांमागे 600 रुपये वाचले. आत पोऱ्याने रिम उघडले, टायर चढवले, यंत्रावर फिरवून वजने चिकटवली. नायट्रोजन शिरस्तेदारांनी नाकारला. निघताना मेहुण्यांनी गाडीत हळद, बेदाणे आणि भडंगाची पिशवी ठेवली, आणि तीही आपण टायरांवरील सवलतीतच धरली असल्याचे कराड येईपर्यंत शिरस्तेदारांनी मला पटवून दिले.

दुसऱ्या दिवशी आळीत विचारणा झाली. आमच्याकडे "कितीला पडले?" ह्या प्रश्नाला खरा आकडा सांगण्याचा शिरस्ता नाही, सांगणाऱ्याने थोडे खाली सांगावे आणि ऐकणाऱ्याने त्याहून खाली आपल्या साडूला मिळाल्याचे सांगावे, अशी वहिवाट आहे. शिरस्तेदारांनी 4,900 सांगितले. शपथेवर नव्हते, त्यामुळे त्यात काही गैर नव्हते. ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर जी छाया पसरली तिने त्यांचे पेट्रोल, टोल आणि पेढे ह्यांची भरपाई झाली, आणि चारसहा दिवस ते सकाळच्या फेरीला काहीसे मान ताठ करून जात असलेले मी पाहिले.

परंतु हा आकडा आळीतून बायकांच्या भिशीत गेला, तेथून शिरस्तेदारीणबाईंच्या कानी आला, आणि नवऱ्याच्या व्यवहारचातुर्याचा अभिमान वाटण्याचे प्रसंग संसारात विरळा येत असल्याने त्यांनी तो त्याच रात्री फोनवरून सांगलीस भावजयीला कळवला. मेहुणे चकित झाले. आपल्या डोळ्यांदेखत 5,300 ठरले असता दाजींना 4,900 ला पडले, ह्याचा अर्थ दुकानदाराने आपल्या नकळत उपरण्याखाली वेगळी बोटे दाबली, असा त्यांनी काढला. त्यांच्याही गाडीचे टायर आलेच होते. ते तडक दुकानात गेले आणि त्यांनी 4,900 चा आग्रह धरला. दुकानदार आधी नाही म्हणाला, मग वही काढून दाखवू लागला, मग इतक्या वर्षांच्या गिऱ्हाइकाशी वाकडे कशाला म्हणून गप्प झाला. आणि त्याने मेहुण्यांना चारही टायर 4,900 प्रमाणे, व्हॉल्व्हसकट, बसवून दिले.

"दाजी, तुमच्या भावात मिळाले बघा!" असा मेहुण्यांचा आनंदाचा फोन आला तेव्हा मी शिरस्तेदारांच्या ओटीवरच बसलो होतो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी टायरचे दफ्तर मागवले, बिल काढले, आणि चष्मा पुसून मला म्हणाले, "म्हणजे त्याला 4,900 परवडत होते!"

फरकाची 1,600 रुपये रक्कम वसूल करण्यासाठी येत्या रविवारी सांगलीस जाण्याचे ठरले आहे. मला पंच म्हणून पुन्हा बोलावणे आले असून, कंदी पेढ्यांची ह्या वेळची पुडी अर्ध्या किलोचीच घ्यावी असा शेरा त्यांनी दफ्तरावर मारून ठेवला आहे.